दिवसा गोष्ट सांगायची नाही

गेली अकरा वर्षं मी ठाण्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते. म्हणजे प्रार्थना, स्वागतगीत, पंधरा ऑगस्ट आणि स्नेहसंमेलन. स्नेहसंमेलनात दरवर्षी एक 'आदिवासी नृत्य' ठरलेलं. क्रेप कागदाची पानं, गालावर पांढरे ठिपके, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि स्पीकरवर 'हू हा, हू हा'. मागच्या वर्षी तालीम चालली होती तेव्हा सातवीतली एक मुलगी, येऊरच्या पाड्यावरून येणारी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आम्ही असं नाही नाचत."

"मग कसं नाचता?"

"आजोबा वाजवतात ना, तसं."

नाच बसला, बक्षीसही मिळालं. मला मात्र त्या बक्षिसाचा फोटो फळ्यावर लावताना लाज वाटली. यंदा दिवाळीची सुट्टी लागल्याबरोबर चार दिवस काढले. भाचा लघुपट वगैरे करतो, त्याचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र मागून आणलं. "लाल दिवा लागला की चालू," असं त्याने बजावून सांगितलं. या वाक्यात एक खोट होती, ती तिसऱ्या रात्री कळली.

पहिला दिवस : येऊर

ठाणे स्टेशनहून येऊरची बस मिळते. उपवन तलावापर्यंत ठाणं ठाण्यासारखंच असतं. चढ सुरू झाला की पाच मिनिटांत झाडं अंगावर येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. रोणाचा पाडा, जांभूळपाडा, पाटोणपाडा अशी नावं, आणि पाड्यांच्या मधे मधे उंच कुंपणांचे बंगले.

मुलीचे आजोबा वारली. आयुष्यभर अशाच एका बंगल्यात माळीकाम केलेलं. तारपा आढ्याला टांगलेला, खताच्या पिशवीत गुंडाळून. तो त्यांनी उतरवून दाखवला. वर दुधी भोपळा, त्यात तोंड लावून फुंकायचं. खाली बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी आत बसवलेल्या पात्या, टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला भोंगा. सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. एकही खिळा नाही.

"हा भोपळा खायचा नाय," ते म्हणाले. "कडू असतो."

पूर्वी झोपडीवर वेल चढवायचे आणि भोपळा वाढत असतानाच त्याच्या आकाराकडे लक्ष ठेवायचे. आता वेलाला जागा नाही. जव्हारकडच्या पाहुण्यांकडून भोपळा येतो, तोही कुणी आठवणीने आणला तर.

तारपा वर्षभर वाजवत नाहीत. नवं भात आलं की काढायचा, दिवाळीपर्यंत वाजवायचा, मग ठेवून द्यायचा. मी विचारलं, "मग नऊ ऑगस्टला?" आदिवासी दिनाला ठाण्यात मिरवणुका निघतात, त्यात तारपेवाले मी पाहिले होते. आजोबा हसले. "तेव्हा साहेब येतात. साहेब भात बघून थोडंच येतात." एका वर्षी पाहुणे यायच्या आधी दोन तास मंडपाच्या दाराशी तारपा धरून उभं राहावं लागलं होतं. पाहुणे आले तेव्हा वाजवला, तर मिनिटभरात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून "बस, बस" म्हणालं.

संध्याकाळी कामावरून बाया परतल्या. सहा-सात जणी जमल्या, एकमेकींच्या कमरेभोवती हात टाकून साखळी झाली. माझी विद्यार्थिनी शेपटाला, शाळेच्याच टी-शर्टमध्ये. आजोबांनी फुंकायला सुरुवात केली आणि मी माझी विद्या पाजळली: फोनवर सूर दाखवणारं अॅप उघडलं. तारप्याचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधल्या फटीत कुठेतरी. तिथे माझ्या पेटीला पट्टीच नाही. स्वरलिपीची वही पिशवीतच राहिली.

सूर तुटत नव्हता. गाल भात्यासारखे फुगलेले, नाकाने श्वास आत आणि त्याच वेळी गालातली हवा भोपळ्यात. साखळी त्यांच्याभोवती फिरते, पण तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. मी चार-चार मात्रा मोजत साखळीत घुसले आणि दुसऱ्याच फेरीत शेजारणीच्या पायावर पाय दिला. मोजायचं नसतंच. आजोबा चाल बदलतात, चाल बदलली की पाय बदलतो, आणि चाल कधी बदलायची ते नाचणाऱ्यांकडे बघून त्यांचं तेच ठरवतात. म्हणजे साडेतीन मिनिटांचा ट्रॅक पेनड्राइव्हवर टाकून हे बसवता येणार नाही. एवढं कळायला मला अकरा वर्षं आणि एक सातवीतली मुलगी लागली.

सातव्या मिनिटाला पलीकडच्या बंगल्यात कुणाच्यातरी वाढदिवसाचा डीजे सुरू झाला. आजोबांनी तारपा खाली ठेवला. "त्यांचा बाजा थांबला की मग." तो दहापर्यंत थांबणार नव्हता, आणि माझी परतीची बस साडेआठची.

निघताना थोरला नातू आला. तो बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. तारप्याचा आवाज त्याने कीबोर्डात भरून घेतलाय, लग्नांत त्यावर सगळे नाचतात. माझ्या कपाळावर आठी पडली असावी. आजोबांच्या नाही पडली. "दम लागत नाय त्याला," ते कौतुकाने म्हणाले. मग जरा थांबून, "भोपळा पण लागत नाय."

दुसरा दिवस : शहापूर तालुका

सकाळची आसनगाव लोकल. टिटवाळ्याला गाडी निम्मी रिकामी झाली, गणपतीला जाणारे उतरले. याच टिटवाळ्यात 7 जानेवारी 1945 ला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगाव-डहाणूकडचे मूठभर वारली तिथे आले होते, आणि त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांचं नाव त्या उठावाशी कायमचं जोडलं गेलं. वेठीला असलेल्यांमध्ये एक प्रकार होता 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. हे मला आज मुद्दाम आठवलं, कारण मी निघाले होते धवलेरीकडे.

वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते ती गाऊन. चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहिण्यापासून वरात परत जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं. चौकात पालघाट देवी बसते, बाकीच्या देवांना गाण्यातून आवतण जातं. आगरी-कोळ्यांतही धवले गाणाऱ्या बायका आहेत, धवलारिणी. आणि शब्द किती जुना आहे पाहा: तेराव्या शतकात महानुभावांच्या महदंबेने लग्नप्रसंगी गायले ते 'धवळे'च. एम.ए.ला आम्ही ते मराठीतल्या आद्य कवयित्रीचे म्हणून पाठ केले. ठाण्यापासून दीड तासावर तोच शब्द रोजच्या वापरात आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आसनगावहून शेअर जीपने शहापूर आणि पुढे आणखी आत. बरोबर ओळखीचे एक निवृत्त मास्तर होते, तीस वर्षं आश्रमशाळेत शिकवलेले. धवलेरी आजी भाताच्या कापणीवर होत्या. बांधावर बसून त्यांनी पाणी दिलं, कुठल्या शाळेत असतेस ते विचारलं, आणि यंत्राकडे बघून म्हणाल्या, "लगीन कुणाचं हाय?"

"लग्न नाही आजी. नुसतं ऐकायचंय. ठेवून देऊ आपण, पुढच्या मुलींना होईल."

"लगीन नाय तर देवांना बोलावू कशाला? आले तर परत कोण पाठवील?"

मास्तरांनी समजावून पाहिलं. शेवटी एका गोष्टीवर तडजोड झाली. गाणार नाही, बोलून दाखवीन. चाळीस मिनिटं त्या सपाट आवाजात बोलत राहिल्या, हातातला विळा न ठेवता. हळद कुठून आली, मांडवाचे मेढे कुणी तोडले, नवरीची आई काय म्हणाली. मधेच आवाज वर चढू लागायचा, की त्या स्वतःच थांबून तो खाली आणायच्या. धवल्यांचं इतकं मोठं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे आणि त्यात एकही सूर नाही.

परतताना जीपमध्ये मी मास्तरांशी वाद घातला. म्हटलं, हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तर त्या आज वाचता-ऐकता येतात. तेव्हा बायकांनी "दळण नाही तर ओवी नाही" म्हटलं असतं तर? मास्तर म्हणाले, "काही जणींनी म्हटलंही असेल. त्या लाखात नसतील." या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला आजही वाटतं, आजींच्या दोन्ही सुनांना धवले येत नाहीत आणि आजींची सत्तरी उलटलीय, तेव्हा एखाद्या खऱ्या लग्नात, परवानगी घेऊन, कुणीतरी यंत्र घेऊन कोपऱ्यात बसायला हवं. चैत्र-वैशाखात. माझ्या दिवाळीच्या सुट्टीत नाही.

रात्री मास्तरांकडे जेवण. तांदळाची भाकरी, सुकट आणि झोप.

तिसरा दिवस : कातकरीवाडी

वाडीचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन 'विशेष असुरक्षित' आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. 2011 च्या जनगणनेत राज्यात कातकरी पावणेतीन लाखांच्या वर होते, बहुतेक रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत. नाव काथावरून पडलं. खैराचं लाकूड फोडायचं, गाभ्याचे तुकडे उकळायचे, तो रस आटवून काथ करायचा. इंग्रजांनी जंगलाला कुंपण घातलं, खैर सरकारजमा झाला. काथ गेला. मग कोळसा पाडणं आलं, तेही गेलं. वरून गुन्हेगार जमातीचा शिक्का. 1871 चा तो कायदा 1952 मध्ये संपला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप कुठे जाते ते वाडीतल्या कुणालाही विचारा. काथ, कोळसा आणि आता वीट. नावात मात्र पहिलाच धंदा राहिला.

मास्तर वाटेत म्हणाले, "वारल्यांचं चित्र तरी भिंतीवर गेलं." खरं आहे. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आज वारली चित्र चहाच्या कपावर असतं. कातकऱ्यांचं असं काही कुणाच्या कपावर नाही. त्यांची बोलीही बाहेर ऐकू येत नाही, कारण बाहेरचं माणूस दिसलं की ते लगेच मराठीवर येतात. मास्तरांच्या शाळेत कातकरी मुलं पहिले सहा महिने गप्प बसायची. निरीक्षक शेरा मारायचे, 'मुले लाजाळू.'

वाडीत तीसेक घरं. दोन-तीन नवी, केंद्र सरकारच्या जनमन योजनेतली, एकाचं छप्पर अजून यायचं होतं आणि त्या चार भिंतींत बकऱ्या बांधल्या होत्या. भर दुपारी आजी दारात बसून मासे साफ करत होत्या, ओढ्यातले, बोटाएवढे. मी येऊन बसले तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

"गाणी पायजेत?" त्या म्हणाल्या. "शिमग्याला ये."

"आत्ता एखादं?"

"शिमग्याआधी शिमगा कसा गावा?"

आता मला हसू यायला लागलं होतं. भात, लग्न, शिमगा. तीन दिवसांत तिसऱ्यांदा मला कुणीतरी तारीख देत होतं, आणि भात सोडलं तर एकही तारीख माझ्या सुट्टीत बसत नव्हती.

"मग गोष्ट सांगा."

"दिवसा गोष्ट सांगायची नाय. वाटसरू वाट चुकतो."

हे मात्र माझी आजीही म्हणायची, नौपाड्यातल्या चाळीत! मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. शेवटची एसटी साडेपाचची होती. मास्तर गेले, मी राहिले.

संध्याकाळ लांब होती. एका घराच्या आढ्याला ढोल होता. परतीच्या पावसाने कातडं सादळलेलं. पोरांनी पेंढा पेटवून तो तापवला, थाप मारून पाहिली, पुन्हा तापवला. चढला की आवाज कोरडा येतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. दोन तरुण थोडा वेळ वाजवत बसले, मग एकाने फोन काढला आणि सगळे व्हिडिओ बघायला गोळा झाले. मी ढोल बंद झाल्याची हळहळ करत होते. खरं सांगायचं तर व्हिडिओ फार विनोदी होता आणि मीही पाहिला.

जेवणं झाल्यावर आजी ओट्यावर बसल्या. मी यंत्र समोर ठेवलं, बटण दाबलं, लाल दिवा लागला.

गोष्टीला हुंकार देणारा लागतो. आजींनी नऊ-दहा वर्षांच्या नातवाला समोर बसवलं. प्रत्येक वाक्यानंतर त्याने 'हूं' म्हणायचं. 'हूं' आला नाही तर गोष्ट पुढे जात नाही. मी हे वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर बघताना त्यातली शिस्त लक्षात आली. 'हूं' लांबला की आजी हळू व्हायच्या, आखूड आला की वेग घ्यायच्या. संगीताच्या भाषेत सांगायचं तर ठेका त्या पोराकडे होता.

गोष्ट रामाची. लंका जिंकून राम परत निघाला. सोबतच्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं. ज्यांनी दगड वाहिले ती वानरं तेवढी राहून गेली. आजींच्या रामायणातला समुद्र वसईच्या खाडीएवढा आहे आणि ओहोटीला त्यातून चालत जाता येतं, तरी पूल बांधावा लागलाच, कारण "राजाचे पाय भिजतील". वानरं विचारतात, आमचं काय? रामाकडे द्यायला काही उरलेलं नाही. मग तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो आणि त्यांची माणसं करतो. तेच कातकरी. मधे मधे गाणं यायचं, दोन-चार ओळींचं, त्यांच्या बोलीत. माझा चेहरा कोरा दिसला की आजी तेवढी एक ओळ मराठीत टाकायच्या आणि पुढे जायच्या.

"आणि मग रामाने त्यांना जंगल दिलं," आजी म्हणाल्या.

"हूं."

"कागद नाय दिला."

ओट्यावर हशा पिकला. एक म्हातारबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वनहक्काचा कायदा 2006 चा, दावे टाकून वाडीतल्या निम्म्या लोकांची वर्षं गेलीत, कागद दोघा-तिघांच्या हाती आलाय.

थोड्या वेळाने पोराचा हुंकार थांबला. तो बसल्या जागी झोपला होता. आजीही थांबल्या, वाक्याच्या मधोमध. कुणी काही बोलेना. मग त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली आणि पुढची गोष्ट माझ्या 'हूं'वर चालली. दहावी-बारावीच्या तोंडी परीक्षेतही मी इतकी घाबरले नव्हते. कधी म्हणायचं हे कळत होतं, पण आपला सूर चुकला तर गोष्ट चुकेल असं वाटत होतं. तास झाला, की दीड, माहीत नाही.

झोपताना यंत्र पाहिलं. दिवा लाल होता, पण लुकलुकत होता. पहिल्यांदा बटण दाबलं की लुकलुकतो. म्हणजे यंत्र तयार आहे, एवढंच. दुसऱ्यांदा दाबलं की स्थिर होतो, तेव्हा मुद्रण चालू. येऊरला आणि बांधावर माझ्याकडून दोनदा दाबलं गेलं असावं. आज एकदाच. गोष्टीचा एक शब्दही त्यात नव्हता.

चौथा दिवस

सकाळी कुणालाच काही सांगितलं नाही. अंगणात चहा घेताना एक पिकअप टेम्पो आला. वीटभट्टीचा माणूस, हातात वही. दिवाळी झाली की वाडी भट्टीवर जाते, त्याचा बयाणा पावसाळ्यातच घेतलेला असतो. घरात खायला नसतं तेव्हा शेठ पैसे देतो आणि मग नोव्हेंबरपासून पाऊस पडेपर्यंत जोडीने विटा पाडून ते फेडायचे. हजार विटांमागे ठरलेला दर, त्यातून आठवड्याची खर्ची कापली जाते, आणि मोसम संपल्यावर हिशेब होतो तेव्हा बहुतेकांच्या नावावर थोडं बाकीच निघतं. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे. वहीवाला माणूस अगदी गोडीत बोलत होता. प्रत्येकाला तारीख सांगत होता. म्हणून वाडीचं नाव लिहिलं नाही.

आजींच्या मुलाचं, सुनेचं आणि दोन नातवंडांचं नाव वहीत होतं. आजीही जाणार, धाकट्याला सांभाळायला.

"मग गोष्टी?" मी विचारलं. "भट्टीवर सांगता?"

"तिथं राती दोनला उठतात. गोष्ट ऐकाला जागा कोण राहील?"

वाडी वर्षातले सहा-सात महिने अशी रिकामी. गोष्टी सांगायच्या लांब थंड रात्री नेमक्या त्यातच येतात. शिमग्याला भट्टीवरून चार दिवस सुट्टी मिळते, म्हणून शिमगा टिकलाय. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात मी वाद्यं पाहिली आहेत, काचेत, व्यवस्थित. तिथे उभं राहून मला वाटलं होतं की लोक विसरत चाललेत. या वाडीत कुणी काही विसरलेलं नाही. त्यांना रात्री घरी राहायला मिळालं पाहिजे.

साडेदहाची एसटी अकराला आली.

जानेवारीतला एक रविवार : भट्टी

हा दिवस प्रवासात धरायचा की नाही माहीत नाही. येऊरची सात मिनिटं आणि बांधावरचं बोलणं मी ज्यांचं त्यांना मेमरी कार्डात भरून परत दिलं होतं. आजींना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मास्तरांकडून पत्ता काढून मी कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या त्या भट्टीवर गेले. तिळाचे लाडू नेले.

कच्च्या विटा रचून केलेली खोपटं, वर निळं प्लास्टिक. समोर विटांच्या रांगा वाळत घातलेल्या. मुलगा गारा तुडवत होता, मांडीपर्यंत चिखल. सून साचा मारत होती. मागून भट्टी धुमसत होती आणि सगळ्याला तूस जळल्याचा वास होता. आजी खोपटाच्या सावलीत धाकट्याला घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांना फार आश्चर्य वाटलं असं नाही.

मी खरं सांगितलं. त्या रात्री यंत्र चालूच नव्हतं, काही उतरलं नाही. आजींना ते यंत्रच आठवत नव्हतं.

"मग तुला याद हाय ना?"

"थोडी आहे."

"मग सांग."

"आत्ता?" मी म्हटलं. नातू लगेच म्हणाला, "दिवसा नाय."

म्हणून अंधार पडेपर्यंत थांबले. सातलाच जेवणं झाली, कारण दोनला उठायचं. शेजारच्या खोपटांत दिवे मालवले. नातू माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "हूं." मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

सुरुवात केली. राम लंकेहून निघाला. "हूं." सगळ्यांना काही ना काही दिलं. "नाय," आतून अंधारातून आजींचा आवाज आला, "आधी पूल. पूल मोडला का ठेवला ते सांग." मला आठवेना. त्यांनी सांगितलं, मी पुन्हा म्हटलं. वानरांची नावं मी गाळली होती, ती नातवाने घातली. गाण्याच्या ओळी आल्या तेव्हा मी चाल गुणगुणले, शब्दांशिवाय. सुनेने पडल्या पडल्या शब्द भरले, चाल मात्र वेगळीच घेतली. मी त्या चालीवर गेले.

"मग रामाने त्यांना जंगल दिलं."

"हूं."

"कागद नाही दिला."

कुणी हसलं नाही. आजी म्हणाल्या, "हे कुठं हाय गोष्टीत?"

"तुम्हीच म्हणालात त्या रात्री."

"मी नाय म्हटलं."

मुलगा आतून म्हणाला, "म्हटलंस आये. बाबा ठसकला होता तेव्हा."

"ते त्या रातीचं होतं," आजी म्हणाल्या. "चल, पुढं."

पुढे गेले. भट्टीचा मुनशी बॅटरी फिरवत रांगांमधून गेला, उजेड प्लास्टिकवरून सरकला. वानरं झाडावरून खाली उतरली, त्यांनी पहिल्यांदा सरळ उभं राहून पाहिलं. मी थांबले. 'हूं' आला नाही. पोरगं गुडघ्यावर डोकं ठेवून झोपलं होतं.

मी आजींकडे पाहिलं.

"थांब आता," त्या म्हणाल्या.